सीमेपलीकडे दिलेल्या लेकी

जळगावच्या फलाटावर उतरले तेव्हा सकाळ नुकती उजळत होती. ओल्या काळ्या मातीचा, डिझेलचा आणि पिकू घातलेल्या केळ्यांचा वास एकमेकांत मिसळून हवेत जड होऊन राहिला होता. तो मला ओळखीचा वाटण्याचे काही कारण नव्हते. माझा जन्म सांगलीचा, माझे कान कृष्णाकाठच्या मराठीवर वाढलेले. पण माझी आई शिरपूर तालुक्यातली. खानदेशातून ती लग्न होऊन आमच्याकडे आली आणि चाळिशीच्या पुढे कधीतरी तिची पावले एकमेकांपासून फाकू लागली. सपाट अंगणात ती नावेत उभी असल्यासारखी चाले. पुढे जिभेवर शब्द घसरू लागले. कुणी मणका म्हटले, कुणी अशक्तपणा, एका मोठ्या डॉक्टरांनी तर ‘मनाचे खेळ’ म्हटले. आई गेली ती आजाराचे नाव न कळताच.

या वर्षी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका साखरपुड्याची चित्रफीत आली. तिच्यात माझा मामेभाऊ प्रकाशदादा मांडवातून मोटारीकडे चालत जातो. दहा-बारा पावले असतील. मी ती पुन्हा लावली, आवाज बंद करून. मग तिकीट काढले.

प्रकाशदादा जळगावच्या पिंप्राळा भागात राहतो, शाळेत गणित शिकवतो. रिक्षा त्याच्या कॉलनीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा तो फाटकाला धरून उभा होता. मला पाहून त्याने फाटक सोडले आणि तेवढ्या दोन पावलांत त्याचा तोल गेला. समोरून स्कूटरवर कॅन लटकावलेला दूधवाला जात होता. त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन डोळा मिचकावला. “काय गुरुजी, सकाळी सकाळीच?”

“तुले इकत लेनी पडस रे,” दादा हसत ओरडला, “माले फुकट चढस!”

गल्ली हसली. तोही हसला. वहिनी मात्र हसली नाही. रेखावहिनीने मला आत नेले, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. भाकरीला भाजलेल्या उडदाचा खरपूस, मातकट वास होता. दादाचा चहा तिने अर्धाच कप ओतला. तो संपला की पुन्हा अर्धा. भरलेला कप त्याच्या हातातून ओठांपर्यंत पोहोचत नाही, हे त्या घरात न बोलता ठरून गेले होते.

त्याच दिवशी आम्ही डॉ. चारुलतांकडे गेलो. मेंदूच्या दुर्मीळ आजारांवर त्या गेली काही वर्षे खानदेशात संशोधन करतात. कापलेले केस, मोठा आवाज, बोलण्यात तिथल्याच मातीचा ठसका. त्यांनी दादाला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून चालायला सांगितले, मग स्वतःचे नाक आणि त्यांचे बोट असे आळीपाळीने शिवायला. कवितेच्या ओळीत मात्रा कुठे तुटते ते ऐकावे, तशा त्या पाहत होत्या.

“लहान मेंदू,” त्या म्हणाल्या. “हालचालींना लय देणारा भाग. तो हळूहळू झिजतोय. घराण्यातून येणारा आजार आहे, एवढं नक्की. कोणता, ते जनुकांच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही. आणि तिथेच माझं घोडं अडलंय.”

त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. दादाने सांगितलेला आमच्या आजोळचा वंशवृक्ष होता तो. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. आजार असेल त्याच्या आकृतीत काळा रंग. कागदभर चौकोनच होते. वर्तुळे होती ती फक्त सुनांची, बाजूने जोडलेली, आतून पांढरी.

“बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला,” चारुलता म्हणाल्या. “एकाही मुलीला नाही. लहान मेंदूचा असा आजार माझ्या ऐकण्यात नाही. म्हणजे कुठेतरी चुकतंय.”

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. दादाच्या वडिलांचा चौकोन सापडला. त्याच्या शेजारी जागा होती, नाव नव्हते.

“माझी आई कुठे आहे?” मी विचारले.

चारुलतांनी दादाकडे पाहिले. “अहो गुरुजी, मी तुम्हाला विचारलं होतं, कुटुंबात कोण कोण?”

“मग तेच तर सांगितलं,” दादा म्हणाला. “कानबाईला आमचे वडील, नाना, ज्या क्रमाने नावं घेतात, त्याच क्रमाने. एक नाव चुकवलं नाही.”

कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करण्यासाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ असते. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. गणिताच्या शिक्षकाला कुटुंब मोजायला सांगितले आणि त्याने लहानपणापासून दरवर्षी कानांवर पडलेली मोजणी प्रामाणिकपणे म्हणून दाखवली.

“आणि मुली?” चारुलतांनी विचारले.

“मुली दिल्या ना, डॉक्टर.”

छताचा पंखा फिरत होता. दादाच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला. “अरे देवा,” तो म्हणाला. “आत्यालाही असंच होतं. मी लहानपणी तिच्या चालीची नक्कल करायचो.”

चारुलतांनी माझ्याकडून आईचे नाव विचारून घेतले, रिकाम्या जागेत वर्तुळ काढले आणि ते काळे भरले. त्यांचा पेन कागदावर करकरला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या आईवर विश्वास ठेवल्याचा तो आवाज होता. तिच्याखाली त्यांनी आणखी एक वर्तुळ काढले, माझे. आतून पांढरे.

“हे पांढरंच राहील का, ते तपासता येतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “कळून घेण्याचा हक्क तुमचा, न कळून घेण्याचाही.”

“तूर्त पांढरं ठेवा,” मी म्हटले. “माझं मी ठरवीन. अजून कोण राहिलं, ते आधी पाहू.”

“सिंधू,” दादा खाली पाहत म्हणाला. “माझी बहीण. सेंधव्याच्या पुढे दिलीये, मध्य प्रदेशात. ती पडते म्हणे. सासू म्हणते, नाटकं करते. नाना म्हणतात, दिल्या घरचं ते बघतील.”

चारुलतांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या संशोधनाची परवानगी सातपुड्याच्या अलीकडे संपत होती. पलीकडच्या राज्यात जाऊन त्या कुणाच्या रक्ताचा थेंबही घेऊ शकत नव्हत्या. इंदूरला डॉ. राठौर म्हणून एक मेंदूतज्ज्ञ होते. एका परिषदेत ओळख झालेली, अशाच कामाची परवानगी त्यांच्याकडे त्यांच्या बाजूची होती. “मी त्यांच्याशी बोलते,” त्या म्हणाल्या. “पण सिंधूताईंनी स्वतः हो म्हणायला हवं. आणि तुमच्या नानांचं रक्तही हवं. आजार त्यांच्यातून आलाय की नाही, ते त्याशिवाय पक्कं होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी, कानबाईच्या आदल्या शनिवारी, आम्ही एसटीने निघालो. चोपड्याच्या वाटेवर तापीचा पूल लागतो. नदी गढूळ, रुंद, कुणाशी काही देणेघेणे नसल्यासारखी वाहत होती. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. फाटलेली पाने वाऱ्यात सळसळत, तेव्हा ओले कापड झटकल्यासारखा आवाज येई. बागा संपल्या की कपाशी, तिची पिवळट फुले दुपारकडे झुकताना गुलाबी होत चाललेली. उत्तरेला सातपुडा सोबत चालला होता, निळा, खालच्या अंगाला धुक्याने पुसलेला.

बस चोपड्याला थांबली. दादा खाली उतरून परत चढताना दांडी हुकली आणि तो पायरीवर बसला. वाहक हसला, “ओ काका, चढायच्या आधी उतरू द्यायची ना!”

बसमधले लोक हसणार, इतक्यात मी उभी राहिले. “त्यांना आजार आहे. लहान मेंदूचा. नाव कळायचं आहे अजून. कळलं की तुम्हालाही कळवू, म्हणजे पुढच्या माणसाला हसण्याआधी उपयोगी पडेल.”

वाहकाने दादाला हात देऊन वर घेतले. खिडकीशी बसलेली एक म्हातारी माझ्याकडे वळली. “मना भाऊले बी असंच व्हतं, माय. लोके त्याले दारुड्या म्हनेत. आनि त्याना गळामा माळ व्हती.” तिने पदराने तोंड पुसले. शिरपूर येईपर्यंत ती माझा हात धरून होती. तिच्या तळव्याला सुक्या मिरच्यांचा वास होता.

मामाचे गाव शिरपूरहून डोंगराच्या अंगाला आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणते. नाना ओट्यावर काठी आडवी धरून बसले होते. उभे राहिले तेव्हा काठीआधी पाय फाकले, आणि ज्या चालीला दादा वाटेत ‘म्हातारपण’ म्हणाला होता, तिच्यात मला आई दिसली. घरात कानबाईची तयारी चालू होती. चौरंग धुऊन उन्हात ठेवला होता, कलशावर बसवायचा नारळ हळदीने पिवळा झाला होता, चण्याची डाळ शिजल्याचा गोडसर वाफारा माजघरभर होता.

संध्याकाळी गहू काढायला बसले. नाना एकेक नाव घेत, दादाची आई गोदामामी सुपातून सव्वा मूठ परातीत टाकत. गव्हाचे दाणे पितळेवर पडत, त्या आवाजाला एक संथ ठेका होता. सुंदर होते ते सारे, हे मी नाकारणार नाही. शेवटचे नाव झाले. मामीने सूप बाजूला ठेवले.

“नाना, आईच्या नावाची?” मी विचारले.

“कसी बोलस व माय तू,” नाना समजुतीने म्हणाले. “आंडेर (मुलगी) दिधी का ती त्या घरनी व्हयी गयी. आठे (इथे) तिना नावना गहू कसाले?”

“गव्हाचं राहू द्या. पण तिचा आजार तर इथलाच होता ना? तो हुंड्यात दिला होता का आम्हाला?”

दादाने दचकून माझ्याकडे पाहिले. नानांचा चेहरा तांबडा झाला. “तुनी डाक्टरीनले सांगी दे, आमना घरमा काही नही. मना पाय म्हातारपनना शेतस. आनि असं गावभर व्हयनं ना, ते सिंधूनी पोरले कोन करी? नात शे मनी ती. तिनं लगीन मोडानं शे का तुले?”

हाच खरा गुंता होता. नाना दुष्ट नव्हते. ते घाबरले होते, आणि भीतीला घराण्याच्या अब्रूचे नाव दिले की ती ताठ उभी राहते.

मी मागच्या पडवीत गेले. मामी पाठोपाठ आली. तिने पदराखालून मूठ काढली, तिच्यात गहू होते. “तुन्या मायना नावनी टाकी देस मी,” ती कुजबुजली. “कोनले नको सांगू.”

“मूठ नको, मामी,” मी म्हटले. “नाव हवंय. मोठ्याने.”

मामीची मूठ तशीच राहिली. अंगणात कोंबड्या दाण्यांच्या आशेने जमल्या. मग ती एकदम बोलली. “सिंधूले मंगळवारे डागाले ली जाई राह्यनात. तिनी पोरनी फोन करा व्हता. भगत म्हनस, पायमा बाहेरनं शिरेल शे, तपेल सळई लावी का निंघी जाई.”

तापलेली सळई. झिजलेल्या लहान मेंदूवर इलाज म्हणून पायाला डाग. मंगळवार म्हणजे कानबाईच्या विसर्जनानंतरचा दिवस. मी तिथेच उभ्या उभ्या चारुलतांना फोन लावला. मंगळवारी राठौरांना घेऊन सेंधव्याला यायचे त्यांनी कबूल केले.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी बायकांनी तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेले. फुगड्या झाल्या, गुलाल उडाला, ओल्या पातळांचा आणि झेंडूचा वास रस्त्याभर सांडत गेला. देवीला निरोप देऊन मामी घरी आली, तशीच ओलेत्याने आत गेली, पातळ बदलून कापडी पिशवी काखेत मारून बाहेर आली.

“कथा (कुठे) चालनी?” नानांनी विचारले. “रोट अजून सरनात नही.”

“तुमना नावना गहू शेतस,” मामी म्हणाली, “तुम्हीच सारा.”

पन्नासेक वर्षांच्या संसारात तिने असे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारले असावे. ते तिच्याही कानांना नवे वाटले असेल, कारण फाटकाबाहेर आल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, “जोरमा बोलनू का व मी?”

“नाही. आणखी थोडं चाललं असतं.”

दादाला नानांजवळ ठेवून शिरपूरहून आग्रा रस्त्याने आम्ही दोघी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून बसलो. पळासनेरनंतर रस्ता डोंगरात शिरतो. बिजासनीच्या घाटात मालट्रकांची रांग गोगलगायीसारखी वर चढत होती, आणि तापलेल्या ब्रेकचा जळका वास सागाच्या ओल्या पानांच्या वासात मिसळत होता. अर्ध्या घाटात आमच्या जीपचे पाणी उकळले. चालकाने झाकण उघडताच वाफेचा फवारा उडाला आणि माझी छत्री दरीत गेली. “जाऊ द्या मावशी,” तो म्हणाला, “मध्य प्रदेशात पावसाचे नियम वेगळे आहेत.” मामी कठड्यावर बसून हसत सुटली. तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते.

सीमा कुठे आली, ते फक्त पाट्यांवरून कळले. मराठी शब्द हिंदी झाले. माती तीच काळी होती, मक्याची शेते तशीच तुऱ्यांनी हलत होती, रस्त्याकडेच्या बाया तीच बोली बोलत होत्या. सेंधव्याला पोहे-जिलेबी खाऊन आम्ही दुसऱ्या जीपने सिंधूच्या गावाला पोहोचलो तेव्हा ऊन कलते झाले होते.

सिंधू खाटेवर बसून शेंगा फोडत होती. माझ्याहून धाकटी. मला पाहून तिने “उषाताई” म्हटले, आणि त्या एका शब्दाच्या कडा झिजलेल्या होत्या. आईच्या तोंडी माझे नाव शेवटी शेवटी असेच येई, दगडगोटा होऊन.

तिची सासू दारात उभी राहिली. उंच, हाडापेराने मजबूत बाई. मामी म्हणाली, “ईहीनबाई (विहीणबाई), पोरले उद्या डाक्टरकडे ली जातस आम्ही.”

“डाक्टर व्हयी ग्यात बठ्ठा (सगळे),” सासू म्हणाली. “बठ्ठा म्हनतस, काही नही शे. तुमना तठे आमनं कार्ड चालस नही, आमना आठे तुमनं. भगत दोन्हीकडे चालस. कार्ड मांगस नही, सही मांगस नही.”

खरे होते ते. डोंगराच्या दोन्ही बाजूंना न अडखळता पोहोचलेली आरोग्यसेवा एवढीच होती.

“आनि पोरगा ट्रक लिसन गुजरातमा शे,” सासू पुढे म्हणाली. “त्याले इचारा बिगर कशी पाठाडू? आनि हाऊ रोग तुमना घरना निंघना, ते नानाना हुकूम पायजे का नही?”

सिंधूने शेंगांचे सूप बाजूला ठेवले. ती उठली. मी पुढे झाले, तिने हाताने मला थांबवले. पाय फाकून, हात पसरून, सारवलेल्या अंगणात ती पाच-सहा पावले चालली, पडली, गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठली आणि सासूसमोर उभी राहिली.

“मायेरमा मी मोजात नही,” ती म्हणाली. प्रत्येक शब्द ती ओझ्यासारखा उचलून ठेवत होती. “सासरमा मी खोटी. मंग परवानगी कोनी लेवानी? मी मन्हीच लेस. उद्या मी जास. डाग लावाना व्हई ते मंग त्या भगतले सांगा, पहिले सोताले लाव. तो बी दारू पीसन पडस.”

ओट्यावर तिची मुलगी तनुजा उभी होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली. ती फस्सकन हसली. सासूने तिच्याकडे रागाने पाहिले. सकाळी आम्ही निघालो तेव्हा मात्र चपला घालून तीही जीपमध्ये येऊन बसली. “देखू द्या,” ती म्हणाली, “तुम्ही काय करतस ते.”

सेंधव्याच्या अलीकडच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात दोघे डॉक्टर आले होते. चारुलता जळगावहून पहाटेच निघाल्या होत्या, राठौर इंदूरहून. लसीकरणाच्या टेबलावरून बाळांचा वजनकाटा हलवून चारुलतांनी आपला कागद पसरला. राठौर तो पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या बॅगेतून दुसरा कागद काढला.

“मैडम, मेरे पास सिर्फ औरतें हैं,” ते म्हणाले.

त्यांच्या कागदावर वर्तुळेच वर्तुळे होती, काळी भरलेली, आणि त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हते. आईबाप नसलेल्या, जणू निमाडच्या मातीतून एकट्याच उगवलेल्या बायका. नवरे त्यांना घेऊन येत. माहेरी कुणाला असे होते का, विचारले की म्हणत, काय माहीत, ते तिकडे, महाराष्ट्रात. एका डॉक्टरकडे मुळे होती, दुसऱ्याकडे फांद्या. मध्ये एक डोंगर, दोन राज्ये आणि लेक दिली की विषय संपतो असे मानणारे आम्ही सगळे.

त्यांनी दोन नावे वाचली, मामी पुढे सरसावली. “आरे, ही ते आमनी कमल! भाऊबंदमानी. तिनी हळद मी लायेल शे. ती बी पडस का?” तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

राठौरांनी सिंधूला तपासले. मग सासूला जवळ बोलावले. “माँजी, आप इनकी आँखें देखिए.” त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे पटकन नेले. सिंधूची नजर त्या बोटामागे निघाली, पण उशिरा, अडखळत, थकल्या पाखरासारखी. “पैर का नाटक हो सकता है। आँख का ये नाटक मैं भी नहीं कर सकता। गरम सलाख से ये ठीक नहीं होंगी, सिर्फ जलेंगी।”

सासू वाकली. वर्षानुवर्षे एका घरात राहून तिने सुनेच्या डोळ्यांत इतक्या जवळून कधी पाहिले नसावे. तिने स्वतःचे बोट वर केले, तसेच हलवले, पुन्हा पाहिले.

सिंधूने संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. अक्षर वाकडेतिकडे गेले, टेबलाच्या कडेपर्यंत. रक्त राठौरांनी घेतले. चारुलता दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. त्यांना तिथे सुईला हात लावायची मुभा नव्हती, आणि त्या बांधलेल्या हातांत मला सगळ्या सीमा दिसल्या. सुई टोचताना सिंधूचा दंड थरथरू लागला, तेव्हा तिच्या सासूने तो घट्ट धरला. “हालू नको,” ती खेकसली. “धरेल शे मी.”

परतताना जीप भगताच्या वस्तीच्या फाट्यावर हळू झाली. सासूने चालकाला सकाळीच तिथे वळायला सांगून ठेवले होते. “चाल, चाल,” सासू म्हणाली. “घर चाल.”

मामीला सोडायला मी पुन्हा गावी गेले. नाना ओट्यावरच होते. काठीकडे पाहत म्हणाले, “सिंधू कसी चालस?”

“तुमनासारखी,” मामी म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.

नानांनी तोंड फिरवले. त्यांनी रक्त दिले नाही. हे लिहीत असतानाही दिलेले नाही.

मी सांगलीला परतले. इथली माणसे विचारतात, खानदेशात काय पाहिले? काय सांगणार. घाट पाहिला, तापी पाहिली, ठेचा खाल्ला. नकाशावर जी रेघ मी बोटाने ओलांडली असती, ती ओलांडायला एका बाईला देवीच्या दिवशी घर सोडावे लागले आणि दोन डॉक्टरांना आपापल्या अर्ध्या कागदांसह डोंगर चढावा लागला. या आजारावर आज औषध नाही. नाही, तर नाही. पण औषध नसणे वेगळे आणि नाव नसणे वेगळे. पहिल्याला विज्ञानाची मर्यादा म्हणता येईल. दुसरे आम्ही केलेले आहे, आणि ते मी यापुढे नशिबाच्या खात्यावर घालू देणार नाही. आईची मला आठवण येते तेव्हा आता तिच्या चालीची लाज वाटत नाही. राग येतो, आणि तो राग मला आवडतो.

पितृपक्ष उलटल्यावर निकाल आला. राठौर स्वतः सिंधूच्या घरी गेले. नाव लांबलचक आहे, शेवटी एक आकडा आहे. दादाचे रक्त चारुलतांनी जळगावातच घेतले होते, त्याचेही तेच निघाले. सिंधूला आता तोल सांभाळायचे व्यायाम दिले आहेत, जिभेचेही. मामीने कमलचे घर शोधून दिले, आणि आता महिन्यातून एकदा राठौर त्या आरोग्य केंद्रात येतात त्या दिवशी चारुलता डोंगर ओलांडून तिथे असतात. हात अजून पाठीमागेच. परवानगीचा अर्ज दोन्ही राज्यांत फिरतो आहे.

परवा सिंधूचा फोन आला. “पाव्हना उनात (आले) तनुजाले देखाले,” ती म्हणाली. “मीच सांगी टाकं त्यासले. आजारनं नाव, आकडासकट.”

“मग?”

“मंग काय. चहा पिनात नी उठी ग्यात.”

पलीकडून तनुजाचा आवाज आला, “मावशी, पोहे बठ्ठा माले उरनात!” आणि तिच्याही मागून सासूचा, “ए, फोनवर बोलता बोलता चालू नको, कठडा धर!”

सिंधू हसली. ते हसू अडखळत, एखादी पायरी हुकत, पण सबंध येऊन पोहोचले.

“दुसरा येतीन,” ती म्हणाली. “त्यासले बी पहिले हाईच सांगसू.”